‘निरंक’ लिहिणाऱ्यांना शेवटची सूचना

संस्थाचालक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना.

हा अर्ज नाही. अर्ज देऊन झाले. त्यांच्या पोचपावत्या एका फायलीत आहेत आणि ती फाईल आमच्यातल्या एका आजीच्या लोखंडी ट्रंकेत, कुलपात आहे. चार अर्ज दिले, चारही वेळा ‘वरिष्ठांकडे मार्गदर्शनासाठी सादर’ असं उत्तर आलं. मार्गदर्शन अजून यायचंय. तेव्हा ही सूचना समजा. तिला मुदत आहे, आणि मुदत टळल्यावर आम्ही काय करणार तेही खाली लिहिलं आहे. नंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणू नका.

आम्ही म्हणजे एका केंद्रातल्या अकरा गावांचे पालक. बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर, एक एसटीचा वाहक, दोन आशाताई, एक निवृत्त बाई आणि तालुक्याच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केलेला एक पोरगा. आमची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, अनुदानित हायस्कुलात आहेत, पिवळ्या बसच्या इंग्रजी शाळेत आहेत आणि काही आश्रमशाळेत. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटकेचा श्वास सोडतात. तसा कुणी सोडू नये.

सुरुवात पेटीपासून करू.

शाळेत तक्रारपेटी हवी, हा सरकारी आदेश काही कालचा नाही. आमच्या एका शाळेत ती आहे. मुख्याध्यापकांच्या दाराला लागून, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. म्हणजे चिठ्ठी टाकणाऱ्या मुलीचा चेहरा आत टेबलावरच्या पडद्यावर दिसतो. तरीही चौथीतल्या एकीनं हिंमत केली. वहीच्या पानावर दोन ओळी लिहिल्या, की अमुक सर सारखे जवळ बोलावतात, मला तिथं बसायचं नाही. पेटी शिपायानं उघडली, चिठ्ठी ऑफिसात गेली. पुढे काय व्हायला हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. झालं ते असं की तिसरी-चौथीच्या वह्या मागवल्या गेल्या आणि अक्षर जुळवून पाहण्यात आलं. मुलगी सापडली. सर मात्र कुणी शोधले नाहीत. मुलीच्या आईला बोलावून समज दिली गेली: ‘बाई, तुमच्याच पोरीचं नाव खराब होईल. गावात राहायचंय ना?’

त्यानंतर त्या पेटीतून चॉकलेटचे कागद निघाले, एकदा मेलेली पाल निघाली. चिठ्ठी परत कधी निघाली नाही. आणि दर महिन्याच्या अहवालात, तक्रारींच्या रकान्यात, सुबक अक्षरात एकच शब्द असतो: निरंक.

कचेरीतल्या माणसाला हा शब्द फार सोयीचा. ओळ भरली जाते, सही होते, कागद वर जातो. वरचा माणूस शंभर शाळांचे निरंक एकत्र करून एक मोठं निरंक तयार करतो आणि तेही वर जातं. या कागदांच्या उतरंडीत खालच्या मडक्यात काय आहे ते कुणी बघत नाही. आमची पहिली सूचना या शब्दाबद्दलच आहे. इथून पुढे तुम्ही ‘निरंक’ लिहिलेला प्रत्येक कागद आम्ही माहितीच्या अधिकारात मागवून जपून ठेवणार आहोत. उद्या काही बाहेर आलं, तर तो कागद तुमच्या सहीसह तुमच्याच विरोधात उभा राहील.

आता कुणी म्हणेल, मुलं बोलतच नाहीत हो, आम्ही काय करणार? हे साफ खोटं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेतल्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं, ते दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली मुलगी बोलली म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या दोन मुली घरी बोलल्या. त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या काझीखेडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींनी शिक्षकाविरुद्ध टोल फ्री क्रमांकावर तक्रार केली. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तेव्हा कुणाची पाळी आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. त्या मुलीही घरी जाऊन रडत का होईना, बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी आईबाप शाळेच्या दारात उभे राहिले. चारही ठिकाणी मुलं बोलली आहेत. आईशी बोलली, आजोबांशी बोलली, फोनवरच्या अनोळखी बाईशी बोलली. शाळेशी बोलली नाहीत. का बोलली नाहीत, याचं उत्तर ज्यांनी अक्षरं जुळवली त्यांनी द्यावं.

शहापूरबद्दल एक गोष्ट जाता जाता. तिथं मुख्याध्यापिका आणि महिला कर्मचारी यांनाच अटक झाली. ‘आमच्याकडे सगळा स्टाफ लेडीज आहे, काळजी नको’ असं पालकसभेत सांगणाऱ्या संस्थाचालकांनी ते वाक्य आता बदलावं.

बदलापूरकडे जरा थांबून बघू, कारण त्यानंतर सगळ्यांनीच हात झटकले आहेत. त्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या माणसाला १ ऑगस्टला कंत्राटी पद्धतीनं सफाईच्या कामावर घेतलं होतं. पंधरवडा उलटायच्या आत हे घडलं. आईबाप पोलिस ठाण्यात गेले तर त्यांना जवळपास बारा तास ताटकळत ठेवलं. शाळेत कॅमेरे होते, पण पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल अडकून पडल्या. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शासन निर्णय निघाला: महिन्याभरात कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमा, काही घडलं तर चोवीस तासांत कळवा. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळा व पोलिस दोघांचेही कान उपटले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला. चौकाचौकात पेढे वाटले गेले, आणि त्याच्यावरचा खटला तिथंच संपला. आता त्या मुलींनी जे सांगितलं ते खरं होतं, असं कुठलंही न्यायालय त्या माणसाला समोर उभं करून म्हणणार नाही. पेढे खाणाऱ्यांनी याचा विचार केला होता का, ठाऊक नाही.

माहिती असून पोलिसांना न कळवल्याबद्दल त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, अटक झाली, जामीन झाला. त्यांपैकी एकाला जानेवारी २०२६ मध्ये तिथल्याच नगरपरिषदेत स्वीकृत नगरसेवक करण्यात आलं. ओरड झाली तेव्हा राजीनामा आला. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आम्हालाही मान्य आहे. पण दीड वर्षात समाजाचा राग किती पातळ होतो, हे तुम्ही बरोबर हेरलेलं दिसतं. यापुढे तो हिशेब चुकेल.

कारण आता आम्ही तो कायदा वाचला आहे. वकील पोरानं पारावर बसून वाचून दाखवला, दोन संध्याकाळी गेल्या.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याचं कलम १९ सांगतं, की अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला कळेल, त्यानं विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. कलमात संस्थेच्या अध्यक्षाचं नाव नाही. ‘आधी साहेबांच्या कानावर घालतो’ असा टप्पा कायद्यात कुठंही नाही. ‘आधी अंतर्गत चौकशी करतो’ हाही नाही. खरं-खोटं ठरवणं हे तुमचं काम नाहीच, कळवणं एवढंच तुमचं काम. कलम २१ म्हणतं, कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद, आणि दंड. आणि बरं का फौजदारसाहेब, तक्रार आली तरी नोंदवून न घेणारा माणूसही याच कलम २१ मध्ये बसतो.

‘तक्रार खोटी निघाली तर आम्ही लटकू’ ही तुमची आवडती सबब. कलम १९ मध्येच लिहिलंय, की चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीही जबाबदारी येत नाही. मुलानं खोटी माहिती दिली असली तरी मुलाला शिक्षा नाही. म्हणजे कळवलं तर तुमचं काही बिघडत नाही. दडपलं तरच बिघडतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न कळवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं स्पष्ट म्हटलं. ‘मिटवून घेऊ’ म्हणायच्या आधी हा निकाल कुणाकडून तरी वाचून घ्या.

मारहाणीचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, एप्रिल २०१० पासून. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतली मुलगी शाळेत उशिरा आली म्हणून तिला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती गेली. शिक्षिकेला अटक झाली. शंभर उठाबशा निघेपर्यंत त्या आवारातून एकही मोठा माणूस गेला नसेल, यावर आमचा विश्वास बसत नाही.

इथं आमच्याच बाजूच्या लोकांनाही सुनावणं भाग आहे. पालकसभेत ‘सर, दोन फटके जास्त द्या, आमची हरकत नाही’ असं म्हणणारे बाप आमच्यातच आहेत. या सूचनेवर सही करणाऱ्यांपैकी तिघांनी तसं म्हटल्याचं कबूल केलं. तो परवाना आज रद्द झाला. आपल्याला छडी मिळाली म्हणून आपण घडलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. पण आपल्या पाठीवरचे वळ मुलाच्या पाठीवर उसने देऊ नयेत. आणि काही घडलंच, तर मुलीचं नाव, फोटो, शाळेच्या गणवेशातला व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचा नाही. गावातल्या यूट्यूबवाल्या पत्रकारानंही टाकायचा नाही. तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. तो गुन्हा आमच्यातल्या कुणी केला तर फिर्याद आम्हीच देऊ.

आता मुदत. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत आम्हाला पुढच्या गोष्टी झालेल्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या पाहिजेत म्हणजे डोळ्यांनी. कागदावर तर सगळं आधीपासूनच आहे.

पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमधून निघाली पाहिजे. पेटी पाणपोईजवळ किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर लावायची. ती दर आठवड्याला उघडताना शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई हजर हवी. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदाच सांगतो, त्यामुळे आई मिळाली नाही ही सबब चालणार नाही. प्रत्येक चिठ्ठी वहीत नोंदवायची. अक्षर जुळवायचं नाही. ज्यानं पुन्हा अक्षर जुळवलं, त्याच्याविरुद्ध त्याच संध्याकाळी आम्ही ठाण्यात जाऊ.

सखी सावित्री समिती मार्च २०२२ च्या शासन निर्णयापासून आहे. आमच्या एका आशाताईंना आपण त्या समितीच्या सदस्य आहोत हे यंदाच्या जानेवारीत कळलं, तेही सावित्रीबाईंच्या जयंतीला फोटोला हार घालायला बोलावलं म्हणून. तीन वर्षांच्या सभांच्या इतिवृत्तांवर मात्र त्यांच्या सह्या आहेत. (त्या सह्या कुणी केल्या, हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. तूर्तच.) सदस्यांची नावं आणि फोन फलकावर हवेत, आणि आपण सदस्य आहोत हे त्यांना ठाऊक हवं.

चारित्र्य पडताळणीचे दाखले शिक्षकांचे, शिपायांचे, कंत्राटी माणसांचे, व्हॅनच्या चालकांचे आणि वसतिगृहाच्या रखवालदाराचेही हवेत. ते पालकांना मागताक्षणी बघायला मिळाले पाहिजेत. ‘ठेकेदाराकडे आहेत’ हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. बदलापूरच्या त्या माणसालाही कंत्राटावरच घेतलं होतं.

१०९८ हा क्रमांक. मुंबईत १९९६ साली सुरू झालेली ही मुलांची हेल्पलाइन आज देशभर चालते. आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर हा आकडा आहे, पण दहा फूट उंचीवर, देणगीदारांच्या यादीखाली. तो पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवा. तिथं मूल एकटं असतं आणि वाचायला त्याला वेळ असतो. रंगाचे पैसे नसतील तर आम्ही वर्गणी काढू.

आणि मुलांचा आवाज. शाळेत बालमंत्रिमंडळ असतं. त्यात आरोग्यमंत्री असतो, स्वच्छतामंत्री असतो, आणि स्वच्छतामंत्र्यानं फळा पुसायचा असतो. तपासणीच्या दिवशी मंत्री पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतात. हे पुरे झालं. मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत मुलाचं म्हणणं ऐकलं जावं आणि त्याला वजन दिलं जावं, हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मध्ये आहे, आणि भारतानं ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. तेव्हा जन्मलेली मुलं आज आमच्यात पालक म्हणून बसली आहेत. त्यांना त्या हक्कानं काही मिळालं नाही. त्यांच्या पोरांना मिळायला हवं. प्रत्येक शाळेत मुलांनी गुप्त मतदानानं निवडलेला एक मुलगा आणि एक मुलगी व्यवस्थापन समितीच्या सभेला बसतील, पहिला अर्धा तास बोलतील, आणि ते बोलले ते इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहिलं जाईल. ‘सर चिडतात’ असं मूल म्हणालं तर ‘सर चिडतात’ असंच लिहायचं. त्याचं ‘शिस्तीबाबत सकारात्मक चर्चा झाली’ असं करायचं नाही.

हे झालं नाही तर?

तर १६ ऑगस्टला अकराही गावांतून माहिती अधिकाराचे अर्ज जातील: पेटी उघडल्याच्या नोंदी, समितीची इतिवृत्तं, पडताळणीचे दाखले. खासगी शाळांचे कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवू. तीस दिवस मोजू. जिथं खोट्या सह्या निघतील तिथं फसवणुकीची फिर्याद. जिथं दडपलेली तक्रार निघेल तिथं कलम २१ खाली फिर्याद, आणि ती ‘शाळा प्रशासन’ अशा गोलमाल नावानं नसेल. मुख्याध्यापकांच्या आणि अध्यक्षांच्या नावानं असेल. ठाण्यात नोंद झाली नाही तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी, तिथंही नाही तर न्यायालयात. चौथीतल्या त्या मुलीची चिठ्ठी तुम्ही फाडली असेल, पण तिच्या आईनं आदल्या रात्री वहीतलं ते पान मोबाईलवर टिपून ठेवलं होतं. हे तुम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आईचा धीर एवढे दिवस झाला नव्हता. आता ती तयार आहे. त्या फिर्यादीला आम्ही १५ ऑगस्टपर्यंत थांबणार नाही, कारण कळवण्याचं कर्तव्य आता आमच्यावरही आहे. हे छापून तुमच्या हाती पडेल तेव्हा ती दाखल झालेली असेल.

आम्ही दगड मारणार नाही, रेल्वे अडवणार नाही, कुणाच्या तोंडाला काळं फासणार नाही. काळं फासलं की तुम्ही बिचारे होता आणि आमच्यावर गुन्हे दाखल होतात, मूळ प्रकरण राहतं बाजूला. तो खेळ आम्ही पाहिलेला आहे. आम्ही फक्त कागद मागू, तारखा लावू आणि प्रत्येक तारखेला हजर राहू. एसटीच्या वाहकानं रजांचा हिशेब आत्तापासून मांडला आहे.

जे मुख्याध्यापक, ज्या बाई, जे गुरुजी मुलांच्या बाजूनं उभे राहिले आणि म्हणून संस्थेच्या डोळ्यांत सलू लागले, त्यांनी ही सूचना आपल्याविरुद्ध समजू नये. तसे आमच्याही शाळांत आहेत. तुमच्यावर बदलीचा किंवा निलंबनाचा दबाव आला तर तारीख-वारासह लिहून ठेवा आणि आमच्यापैकी कुणाकडेही द्या. ट्रंकेत जागा आहे.

१५ ऑगस्टला झेंडावंदन साडेसातला असतं. मुलांना जिलेबी वाटून झाली की ग्रामसभा भरते. शाळेचा विषय आम्ही क्रमांक एकवर घालायला लेखी दिला आहे, आणि ग्रामसेवकानं त्याची पोच दिली आहे.